मौल्यवान सामान कोणाच्या जोखमीवर? वाहकाच्या जबाबदारीचा इतिहास

विमानतळावर चेक-इन काउंटरसमोर उभे राहिल्यावर बहुतेकांच्या मनात एक प्रश्न येतो. कॅमेरा, लॅपटॉप, लग्नाचे दागिने किंवा भारी रेशमी साड्या असलेली बॅग काउंटरवर द्यावी, की हातात ठेवावी? अनुभवी प्रवासी लगेच सांगतात, “हातातच ठेवा.” सल्ला चांगला आहे. पण त्यामागे कोणता करार आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. बॅग सोपवली आणि ती हरवली, तर विमान कंपनी किती पैसे देणे लागते आणि तेवढेच का? या प्रश्नाचे उत्तर विमानापेक्षा पुष्कळ जुने आहे. प्रस्तुत टिपणात ते बैलगाडी, घोडागाडी, रेल्वे आणि विमान या क्रमाने पाहू.

राजा, दैव आणि वाहक

दुसऱ्याचा माल वाहून नेणाऱ्याने तो हरवला तर भरून द्यावा, हा नियम याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात आढळतो. त्याला अपवाद दोनच आहेत: राजामुळे झालेले नुकसान आणि दैवामुळे झालेले नुकसान. हे दोन अपवाद लक्षात ठेवावेत. त्यानंतर अनेक शतकांनी इंग्लंडमध्ये, या स्मृतीशी काहीही संबंध नसताना, न्यायाधीशांनी जवळजवळ हीच विभागणी केली. तिथे अपवाद होते ईश्वरी कोप आणि राजाचे शत्रू. रोमन कायद्यातही जहाजवाले, खानावळवाले आणि तबेलेवाले यांच्यावर, ताब्यात घेतलेला माल सुखरूप परत करण्याची अशीच कडक जबाबदारी होती.

एवढा कडकपणा का? १७०३ सालच्या ‘कॉग्ज विरुद्ध बर्नार्ड’ या खटल्यात सरन्यायाधीश होल्ट यांनी त्याचे स्पष्टीकरण दिले. खटला तसा साधा होता. एका तळघरातून दुसऱ्या तळघरात ब्रँडीची पिंपे हलवताना एक पिंप फुटले, आणि हलवणाऱ्याने त्या कामाचे पैसेही घेतले नव्हते. पण त्या निमित्ताने होल्ट यांनी दुसऱ्याची वस्तू ताब्यात असण्याचे सहा प्रकार सांगितले आणि भाडे घेऊन सर्वांचा माल नेणाऱ्या व्यावसायिक वाहकाला सर्वांत कठोर प्रकारात बसवले. कारण व्यवहारातले होते: वाहक चोरांना सामील असेल, तर मालकाला ते कधीच सिद्ध करता येणार नाही. माल वाटेत असताना मालक तिथे नसतो. त्यामुळे चूक कोणाची हे विचारायचेच नाही; माल पोचला नाही, तर वाहकाने पैसे भरायचे.

आज काउंटरवर दिलेली बॅग पट्ट्यावरून आत सरकते आणि पडद्यामागे दिसेनाशी होते, तेव्हा आपली परिस्थिती नेमकी हीच असते. पडद्यामागे काय घडते, हे आपल्याला सांगता येत नाही.

खिळ्यांची पिशवी

मात्र या नियमात वाहकावरही अन्याय होण्याची शक्यता होती. १७६९ साली लॉर्ड मॅन्सफिल्ड यांच्यापुढे आलेला ‘गिबन विरुद्ध पेन्टन’ हा खटला पाहा. एका गृहस्थाने शंभर पौंड गवतात लपवून खिळ्यांच्या एका जुन्या पिशवीत घातले आणि ती पिशवी बर्मिंगहॅमहून लंडनला जाणाऱ्या घोडागाडीवर पाठवली. पिशवीतले पैसे गेले. गाडीवाल्याने आधीच वर्तमानपत्रात जाहिरात देऊन कळवले होते की, पैसे आणि जवाहीर असल्याचे सांगून जादा भाडे भरल्याशिवाय आपण त्यांची जबाबदारी घेणार नाही. निकाल गाडीवाल्याच्या बाजूने लागला. ज्याने जोखीम लपवली, त्याने त्या जोखमीचे भाडे दिलेले नव्हते, असे त्यामागचे तर्कशास्त्र होते.

माझ्या मते या विषयातला हा सर्वांत शिकण्यासारखा खटला आहे. दागिन्यांचा डबा जुन्या कपड्यांत गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवण्याची युक्ती आजही घरोघरी चालते. चोरापासून लपवण्यासाठी ती ठीक आहे. कायद्याच्या नजरेत मात्र ती वस्तू वाहकापासूनही लपवलेली असते.

यातून १८३० सालचा ब्रिटिश वाहक कायदा झाला. सोने-चांदी, रत्ने, घड्याळे, नोटा, चित्रे, काच, चिनी मातीची भांडी, रेशीम, फर, लेस अशा यादीतल्या वस्तूंची किंमत दहा पौंडांपेक्षा जास्त असेल, तर ती आधी सांगायची आणि जादा आकार भरायचा. तसे केले नाही, तर वाहक जबाबदार नाही. त्याच वेळी जादा दरांची सूचना कचेरीत ठळकपणे लावण्याचे बंधन वाहकावर घालण्यात आले.

भारतातली यादी

हाच नमुना भारतात १८६५ च्या वाहक कायद्याने आला. इथे दहा पौंडांऐवजी शंभर रुपये ही मर्यादा होती. जादा दराची सूचना इंग्रजीबरोबर त्या त्या प्रदेशाच्या भाषेतही लावावी, अशी तरतूद होती. काउंटरवरच्या बारीक इंग्रजी मजकुराकडे पाहताना हे कलम आठवावेसे वाटते.

या कायद्याची अनुसूची म्हणजे त्या काळातल्या भारतीय संपत्तीचे चित्रच आहे. सोन्याचांदीची नाणी, मोती, हुंड्या, दस्तऐवज ही नावे अपेक्षितच आहेत. त्यांच्या जोडीला शाली, जरीचे कापड, हस्तिदंत, चंदन आणि शिसवीच्या वस्तू, कस्तुरी, अत्तर, पोवळे, अफू, वाद्ये आणि शास्त्रीय उपकरणेही आहेत. सरकारला यादीत भर घालण्याचा अधिकार होता, म्हणून पुढे त्यात सिनेमाच्या फिल्मचाही समावेश झाला. गोरोचन आणि जहरमोहरा खताई या, वैद्य-हकिमांच्या उपयोगाच्या वस्तूही तिथे आहेत. लहान, हलके आणि महाग असे जे जे माणूस बरोबर नेई, ते या यादीत येत गेले. आज ही यादी केली, तर तिच्यात मोबाइल आणि कॅमेऱ्याच्या लेन्स नक्कीच आल्या असत्या.

एक मुद्दा मात्र सुटू नये. किंमत न सांगितल्यास मिळणारे हे संरक्षण, वाहकाच्या किंवा त्याच्या नोकरांच्या निष्काळजीपणाने अथवा गुन्ह्याने नुकसान झाले असेल तर, त्याला मिळत नसे. हा दरवाजा पुढच्या सर्व कायद्यांत कमीअधिक उघडा राहिला.

रेल्वेचा प्रवास थोडा वेगळा झाला. १८९० च्या रेल्वे कायद्याने रेल्वेला व्यावसायिक वाहकाच्या कडक जबाबदारीतून सोडवले आणि साधारण काळजी घेणाऱ्या ठेवदाराच्या पातळीवर आणले. १९६२ च्या आरंभापासून तिच्यावर पुन्हा कडक जबाबदारी आली. प्रवाशाच्या सामानाबाबतचा नियम आजही १९८९ च्या कायद्यात आहे. रेल्वेच्या नोकराने सामान बुक करून पावती दिलेली नसेल, तर रेल्वे जबाबदार नाही. सामान प्रवाशाजवळच असेल, तर रेल्वेचा निष्काळजीपणा किंवा गैरवर्तन सिद्ध करावे लागते. बर्थखाली साखळीने बांधलेली बॅग चोरीला गेली की ग्राहक आयोगापुढे येणारे बरेचसे वाद याच वाक्याभोवती फिरतात.

व्यापाऱ्यांचा मात्र स्वतःचा मार्ग होता. पश्चिम किनाऱ्यावर ‘जोखमी हुंडी’ चाले. माल पोचला तरच ती हुंडी देय होई, म्हणजे हुंडी आणि विमा एकाच कागदात असे. मुंबई आणि सुरत यांच्या दरम्यान हिरे नेणारे आंगडिये आजही विश्वासाच्या बळावर माल स्वतःजवळ बाळगून नेतात. जगातल्या अत्यंत मौल्यवान मालापैकी काही माल असा माणसाच्या अंगावरून प्रवास करतो, याचा अर्थ हातसामानाचा सल्ला आपल्याकडे नवा नाही.

वॉर्सा: सोन्यात मोजलेली बॅग

विमान वाहतूक सुरू झाली, तेव्हा हा धंदा धोक्याचा आणि भांडवलाच्या दृष्टीने अशक्त होता. एखाद्या अपघाताने कंपनी बुडू नये, म्हणून १२ ऑक्टोबर १९२९ रोजी वॉर्सा करार झाला. त्याची तडजोड अशी होती: दोष कंपनीचाच असे गृहीत धरायचे, पण भरपाईला मर्यादा घालायची. नोंदवलेल्या सामानाला किलोमागे २५० फ्रँक आणि प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेल्या वस्तूंना एकूण ५,००० फ्रँक. भारतात हा करार १९३४ च्या कायद्याने लागू झाला. टाटांची कराची ते मुंबई टपालसेवा सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

हे फ्रँक साधे नव्हते. एक फ्रँक म्हणजे ९०० शुद्धतेचे ६५.५ मिलिग्रॅम सोने. हिशोब केला, तर किलोमागे सुमारे १४.७ ग्रॅम शुद्ध सोने होते. वीस किलोची बॅग हरवली, तर जवळजवळ २९५ ग्रॅम. आजच्या बाजारभावाने ही रक्कम वीस लाख रुपयांच्याही पुढे जाते. म्हणजे करार करणाऱ्यांनी ठेवलेली मर्यादा कंजूष नव्हती.

ती आक्रसली पुढे. १९७० च्या दशकात सोन्याचा सरकारी दर संपला आणि बाजारात सोने अनेक पटींनी महागले. आता फ्रँकचे रूपांतर कोणत्या दराने करायचे? या प्रश्नाचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात १९८४ साली लागला. फ्रँकलिन मिंट या संस्थेने १९७९ मध्ये फिलाडेल्फियाहून लंडनला पाठवलेली नाण्यांसंबंधीची चार पार्सले हरवली होती. ती एकूण ७१४ पौंड वजनाची होती आणि पाठवताना किंमत जाहीर केलेली नव्हती. नुकसान अडीच लाख डॉलरचे मान्य झाले. पण न्यायालयाने सोन्याचा जुना सरकारी दरच कायम ठेवला. हिशोब पौंडामागे ९.०७ डॉलर, म्हणजे किलोला सुमारे २० डॉलर झाला आणि भरपाई ६,४७५ डॉलर ९८ सेंट ठरली. नाण्यांचा व्यापार करणाऱ्यांचे नुकसान सोन्याच्याच दरामुळे व्हावे, हा योगायोग विलक्षण म्हणावा लागेल. खिळ्यांच्या पिशवीपासून दोनशे पंधरा वर्षांनी आणखी एकाला त्याच कारणाने मोठा फटका बसला: किंमत सांगितली नाही.

माँट्रियलनंतर

वजनावर मोजण्याची पद्धत २८ मे १९९९ च्या माँट्रियल कराराने प्रवाशांच्या सामानापुरती संपवली. आता मर्यादा माणशी आहे आणि ती आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या ‘विशेष आहरण अधिकार’ या एककात मोजली जाते. आरंभी १,००० एकके असलेली ही मर्यादा २००९ च्या अखेरीस १,१३१, डिसेंबर २०१९ मध्ये १,२८८ आणि २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ झाली. विनिमयदर बदलत असला, तरी ही रक्कम ढोबळमानाने पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास येते. भारत या करारात २००९ साली आला. देशांतर्गत प्रवासाला हा आकडा लागू नाही. तिथे भारत सरकारने २०१४ पासून प्रवाशामागे २०,००० रुपये ही मर्यादा ठेवली, त्यापूर्वी किलोला ४५० रुपये असा हिशोब होता. चांगल्या कॅमेऱ्याची एक लेन्सही या रकमेत येत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कायदा आणि शहाणपण इथे परस्परविरुद्ध दिशांना जातात. काउंटरवर दिलेल्या बॅगेची जबाबदारी कंपनीवर दोष सिद्ध न करताही येते, मात्र बॅगेचा अंगभूत दोष वगळून. हातातल्या बॅगेसाठी मात्र कंपनीची चूक दाखवावी लागते. म्हणजे कागदावर सोपवलेली बॅग जास्त सुरक्षित आहे. कपडे, पुस्तके, भांडी अशा पुन्हा विकत घेता येणाऱ्या आणि मर्यादेच्या आत बसणाऱ्या वस्तूंसाठी हे खरेही आहे. पण वस्तूची किंमत मर्यादेपलीकडे गेली की फरकाचा भार पूर्णपणे प्रवाशावर पडतो. शिवाय बॅगेच्या पावतीवर वजन असते, आत काय होते ते नसते. घड्याळ आत होते, हे सिद्ध करण्यासाठी बिल किंवा छायाचित्र लागते. होल्ट यांनी ज्या अडचणीतून मालकाला सोडवले होते, ती अशी मागच्या दाराने परत आली.

यावरचा जुना उपाय करारात अजून शिल्लक आहे. बॅग देताना विशेष किंमत जाहीर करावी आणि मागितल्यास जादा आकार भरावा, म्हणजे मर्यादा जाहीर केलेल्या रकमेपर्यंत वाढते. १८३० च्या कायद्याचा गाभा हाच होता. पण ही सोय काउंटरवर आपणहून कोणी सांगत नाही आणि रांगेतल्या शंभरांपैकी क्वचितच कोणी ती मागतो. उलट, दागिने आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू चेक-इन बॅगेत ठेवू नयेत, असे बहुतेक कंपन्यांच्या अटींत लिहिलेले असते. करारातली जबाबदारी कमी करणारी अट रद्दबातल ठरते, असे माँट्रियल करारात स्पष्ट म्हटले असले, तरी वाद मग वकिलांकडे जातो.

कधी कधी निवड प्रवाशाच्या हातातच राहत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये ब्रिटनमध्ये स्फोटाचा कट उघड झाल्यावर काही काळ हातसामान जवळजवळ बंद झाले आणि वादकांना आपली वाद्ये सामानाच्या पोटात द्यावी लागली. मार्च २०१७ मध्ये दुबई, दोहा, अबुधाबी यांसह दहा विमानतळांवरून अमेरिकेला जाणाऱ्यांना लॅपटॉप केबिनमध्ये नेण्यास बंदी झाली. आखातातून अमेरिका गाठणाऱ्या भारतीयांनाही तिचा फटका बसला. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्यांच्या बाबतीत नियम नेमका उलटा आहे. आगीच्या भीतीने त्या चेक-इन बॅगेत चालत नाहीत.

मुदतीचा नियमही माहीत असावा. बॅग फुटून किंवा वस्तू खराब होऊन आली, तर मिळाल्यापासून सात दिवसांत लेखी तक्रार द्यावी लागते. उशिरा आल्यास एकवीस दिवसांत. एकवीस दिवस उलटूनही बॅग आली नाही, तर ती हरवली असे धरता येते. कंपनीने किंवा तिच्या माणसांनी मुद्दाम अथवा परिणामाची जाणीव असूनही बेपर्वाईने नुकसान केले असेल, तर मर्यादा लागू होत नाही. १८६५ च्या कायद्यातला तोच दरवाजा. मर्यादेचा आकडा दर पाच वर्षांनी महागाईशी ताडून पाहावा, अशी तरतूद असल्यामुळे १,५१९ हा आकडाही कायमचा नाही.