ऋषीची भाजी

भाद्रपद शुद्ध पंचमीस बैलाच्या श्रमाचे अन्न खाऊ नये, हा दंडक आमच्या अनेक घरांतून अद्याप पाळला जातो. नांगरल्या शेतातले त्या दिवशी वर्ज्य. परसात स्वहस्ते पिकविलेले तेवढेच शिजवावयाचे. अळू, माठ, भेंडी, दोडका, सुरण, लाल भोपळा आणि मक्याची कणसे एकत्र शिजवून केलेली ही ऋषीची भाजी. बदलीच्या गावी दरवर्षी घरात प्रश्न निघतो : यांतले दोन जिन्नस मिळाले नाहीत, तर व्रत पुरे झाले म्हणावे काय?

इतिहासाचे उत्तर मोठे गमतीचे आहे. मका आणि लाल भोपळा मूळचे अमेरिकेतले, इ. स. १४९२ नंतर ते जगभर पसरले. म्हणजे ज्यांच्या नावाने आम्ही ही भाजी करतो, त्या ऋषींनी हे दोन्ही जिन्नस कधी पाहिलेही नव्हते! मिरचीची कथाही तीच. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावे असलेल्या ‘मानसोल्लासा’त पाकक्रियांचे सविस्तर वर्णन आहे, तेथे तिखटपणास मिरी आहे, मिरची नाही. सावता माळी इ. स. १२९५ मध्ये समाधिस्थ झाले; त्यांच्या नावावर गाइल्या जाणाऱ्या अभंगात मात्र मिरची आढळते. ती गाणाऱ्यांच्या मुखातून मागाहून शिरली असावी, नाहीतर तेथे मिरीच अभिप्रेत असावी.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवे घेतले आणि पुढे त्यांच्या गलबतांतून अशा अनेक नव्या वस्तू पश्चिम किनाऱ्यावर उतरल्या. उत्तरेकडील शेजारी ‘आलू’ म्हणतात त्याला आम्ही ‘बटाटा’ म्हणतो, ही त्या शेजाराचीच खूण. एकादशीस चालणारे बटाटा, रताळे व शेंगदाणे हे तिन्ही अमेरिकेहून आलेले. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही तिकडचाच.

हे परके आपले झाले कसे? आमच्या मते, बऱ्याच अंशी परसामुळे. नव्या बियांची परीक्षा पाहावयास शेतापेक्षा विहिरीजवळचा वाफा बरा. तेथे बी फुकट गेले तरी वर्षाचे पोट बुडत नाही. मग गृहिणीने नव्यास जुन्याचे नाव दिले. मिरीसारखी तिखट ती मिरची. दुधीच्या जातीचा दिसला तो भोपळाच. पाठोपाठ जुनी फोडणी दिली, गूळ घालून घारगे केले, आणि पाहुणा घरचा झाला.

दिल्लीच्या बंगलीमागील वाफ्यात ऋतूंचा क्रम निराळा. पावसाळा सरता मेथी, मुळा व मटार पेरावेत. पौषात भोगीच्या भाजीस वांगी, गाजरे व ओला हरभरा तयार. ज्येष्ठाच्या लूने दुधीचे वेलही माना टाकतात. शिवाय पुष्कळदा मटार भरण्यापूर्वीच बदलीचा हुकूम येतो, आणि आमच्या मटाराची उसळ पुढील बिऱ्हाडकरू खातो. आम्हीही कोणा अनोळखी पूर्वसूरीची वांगी खाल्लीच होती.

म्हणून व्रताच्या प्रश्नास आमचे उत्तर असे : यादी पूर्वीही बदलली, पुढेही बदलेल. बदलला नाही तो एकच नियम, की त्या दिवशी आपल्या हाताने पिकविलेले खावे. तेव्हा सुरण मिळाला नाही, तर खुशाल वाफ्यातील तोंडली घालावीत. मात्र भाजी विकत आणून पातेले भरले, तर यादी पुरी होईल, व्रत होणार नाही.