डबक्यांच्या तळातली बखर

इतिहास म्हटलं की आपल्याला कागद लागतात. पण कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समेर बेटावर हवामान केंद्रच आलं १९४७ साली. त्याआधीची नोंद ठेवली ती डबक्यांच्या गाळानं.

या गाळात डायटम असतात. ही एकपेशीय शैवालं. कवच काचेसारखं, सिलिकाचं. जीव मरतो, कवच उरतं, आणि त्याच्या नक्षीवरून जात ओळखता येते. मेरियन डग्लस आणि जॉन स्मोल १९८३पासून इथल्या केप हर्शेलची डबकी तपासत होते. गाळाच्या थरांत त्यांना हजारो वर्षं त्याच मोजक्या जाती दिसल्या. मग एकोणिसाव्या शतकात चित्र पालटलं. मॉसवर राहणारे डायटम वाढले, कारण पाणी जास्त दिवस बर्फाविना राहिलं की मॉस फोफावतं. १९९४ साली त्यांनी हे ‘सायन्स’मध्ये मांडलं.

डायटम थेट तापमान सांगत नाहीत, उन्हाळा किती लांबला ते सांगतात. मला तर ही साक्ष आकड्यापेक्षा बोलकी वाटते.

२००६च्या जुलैत मात्र हजारो वर्षं टिकलेली त्यातली काही डबकी पार आटली होती.