एका वर्षातले दोन कायदे आणि एक बाटली

आजचा विषय माझ्या घरातून आला आहे, म्हणून आधी थोडं घरचं सांगतो, मग इतिहासाकडे वळू.

जानेवारीत माझी पुतणी सीए फायनल पास झाली. तिसऱ्या प्रयत्नात. आधीच्या दोन्ही वेळी निकालाच्या दिवशी घरात कोणी कोणाशी नीट बोललं नव्हतं. यावेळी तिच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, देवापुढे साखर ठेवली आणि विचारलं, "काय हवं तुला?" पुतणी म्हणाली, "सगळ्यांनी बाहेर एकत्र जेवायचं, आणि मला एक चांगली वाइन हवी."

आम्ही बडोद्याचे. चार पिढ्या इथेच गेल्या. बडोद्यात हे वाक्य बोलता येतं, अमलात आणता येत नाही. शिवाय आमच्या घराचं आणखी एक कारण आहे. माझे धाकटे काका पिण्यानेच गेले, आणि तेही दारूबंदीच्या या शहरात. त्यानंतर आमच्या घरी बाटली हा शब्दसुद्धा सरबताच्या पलीकडे वापरला जात नसे. आई काही बोलली नाही, उठून आत गेली.

मी इतिहासाचा माणूस. घरात पेच पडला की तारखा शोधायला लागतो. या वेळी ज्या सापडल्या त्या पाहून मलाच गंमत वाटली.

१ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. दीडच महिन्याने, १६ जूनला, मुंबईचा दारूबंदी कायदा अमलात आला. त्यानंतर पंधरा दिवसांनी, १ जुलैला, चार्टर्ड अकाउंटंट्सचा कायदा लागू झाला आणि आजची सीए संस्था जन्माला आली. म्हणजे माझ्या पुतणीला पदवी देणारा कायदा आणि तिची बाटली अडवणारा कायदा, दोघं जवळजवळ जुळे. आणखी एक योगायोग सांगतो. सीए संस्थेचं गरुडाचं बोधचिन्ह श्रीअरविंदांनी दिलं, असं संस्था सांगते. सगळे झोपलेले असताना जो जागा असतो त्याचं वर्णन करणारं कठोपनिषदातलं वचन त्यात आहे. हे श्रीअरविंद १८९३ ते १९०६ बडोद्यात नोकरीला होते. परीक्षेच्या काळात पहाटे तीनला पुतणीच्या खोलीत दिवा दिसायचा, तेव्हा मला ते वचन आठवायचं.

दारूबंदीची कल्पना १९४९ ची नाही. ब्रिटिशांच्या काळात अबकारी हे सरकारचं दुभतं जनावर होतं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी-माडीपासून मोहापर्यंत सगळ्यावर सरकारी लगाम आला. त्यामुळे दारूच्या दुकानापुढे निदर्शनं करणं म्हणजे सरकारच्या गल्ल्यावरच हात टाकणं, आणि काँग्रेसच्या चळवळीत हा कार्यक्रम त्यासाठीच होता. १९३७ मध्ये प्रांतांत मंत्रिमंडळं आली आणि १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी झाली. ती आणणारे मंत्री डॉ. गिल्डर स्वतः पारशी होते, आणि दारूचा धंदा मोठ्या प्रमाणावर पारशांच्याच हातात. त्यांना समाजाकडून काय ऐकावं लागलं असेल, याची कल्पना करा! ती बंदी टिकली नाही. मग बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९ चा कायदा झाला, आणि ६ एप्रिल १९५० पासून पूर्ण बंदी.

त्याला आव्हान देणारेही पारशीच, एफ. एन. बलसारा. त्यांनी कोर्टात मागितलं काय? व्हिस्की, ब्रँडी, वाइन, बिअर, आणि सोबत यू-डी-कोलोन बाळगण्याचा हक्क. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये बंदी उचलून धरली. अल्कोहोल असलेली औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं तेवढी मोकळी केली. म्हणजे अत्तराची बाटली सुटली, वाइनची अडकली.

१ मे १९६० ला राज्याचे दोन भाग झाले आणि हा कायदा दोघांच्या वाट्याला आला. महाराष्ट्राने तो रद्द केला नाही, फक्त परवाने देऊन देऊन सैल केला. "परमिट रूम" ही पाटी त्याचीच खूण, आणि एका दिवसाचा परवाना आजही कागदावर आहे. (कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उत्सव-यात्रेसाठी चार दिवसांची मद्याची मुभा आहे, म्हणजे आपण तीन दिवस मागेच गेलो.) गुजरातने कायदा घट्ट ठेवला. २०११ मध्ये त्याच्या नावातलं "मुंबई" काढून "गुजरात" घातलं. २०२३ च्या डिसेंबरात गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीपुरती सूट दिली. बाकी राज्य तसंच.

म्हणून आम्ही नाशिकला निघालो. सुरत, सापुतारा, हातगड, वणी, दिंडोरी. आई येणार नाही असं धरून चाललो होतो. ती सगळ्यांत आधी गाडीत बसली.

दिंडोरीच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. हा वाइनचा मुलूख म्हणून फार नवा आहे. १९८० च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच पद्धतीची फेसाळ वाइन करून परदेशी पाठवली, तेव्हा इथला शेतकरी खाण्याची द्राक्षंच पिकवत होता. नाशिकची आजची ओळख २००० नंतरची. २००१ मध्ये सरकारने द्राक्षप्रक्रियेचं खास धोरण आणलं आणि वाइनला अबकारी शुल्कात सवलत दिली. एका हाताने दारूबंदी कायदा सांभाळायचा, दुसऱ्या हाताने वाइनरीला उत्तेजन द्यायचं. मला हे ढोंग वाटायचं. आता वाटतं, आमच्या घरातही दोन्ही हात आहेतच की.

जेवताना पुतणीने लाल वाइन मागवली. माझा भाऊ ग्लास हातात धरून बसला होता, तोंडाला लावत नव्हता. मी वातावरण हलकं करायला नेवाशाच्या उत्खननात सापडलेल्या रोमन मद्यकुंभांची गोष्ट सुरू केली. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या गोदाखोऱ्यात इटलीची वाइन येत होती वगैरे. आईने मला मध्येच थांबवलं.

"भावजींच्या वेळी बंदीच होती ना रे?"

"होती."

"तरी मिळत होती."

"हो. पण कोणती, ते कोणालाच माहीत नसायचं."

"बंदी नसती तर रोज मिळाली असती," ती म्हणाली. यावर माझ्याकडे तारीख नव्हती. मग तिने पुतणीचा ग्लास उचलून वास घेतला, नाक मुरडलं आणि ग्लास परत दिला. "आंबट आहे. पी तू. पण जेवून पी."

पुतणीने एकच ग्लास घेतला, भावाने अर्धा. उरलेली बाटली टेबलावरच सोडली, कारण ती घेऊन सीमा ओलांडणं म्हणजे नव्या सीएने पहिल्याच महिन्यात गुन्हा करणं.

दुसऱ्या दिवशी सापुताऱ्याच्या नाक्यावर पोलिसांनी डिकी उघडायला लावली. आत वणीच्या बाजारातून घेतलेली द्राक्षांची पेटी होती. "कुठून?" शिपायाने विचारलं. "नाशिकहून," आई म्हणाली, आणि त्याच्या हातावर एक घड ठेवला.