मॅप ॲपमधले अक्षांश-रेखांश: वालचंदनगरची पिन बर्फाळ समुद्रात कशी पोहोचते?

वालचंदनगर साधारण १८.०२ उत्तर अक्षांश आणि ७४.७७ पूर्व रेखांशावर आहे. आता हेच दोन आकडे कोडमध्ये उलटे टाकून बघा. पिन नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडजवळच्या समुद्रात पडते. ॲप क्रॅश होत नाही, लाल अक्षरात एररही येत नाही. कारण अक्षांश ९० पर्यंत चालतो आणि रेखांश १८० पर्यंत, त्यामुळे कॉम्प्युटरच्या दृष्टीने ७४.७७ हा अगदी बरोबर अक्षांश आहे.

मॅप ॲप शिकणाऱ्या मुलांना मी सगळ्यात आधी हेच सांगतो. चुकलेला लोकेशनचा आकडा ओरडत नाही, तो गुपचूप दुसऱ्या गावाला नेतो. आणि आपल्या भागात त्यावर बरंच काही अवलंबून असतं. ऊसतोड टोळीला प्लॉट दाखवणारं ॲप असेल, तर चुकीच्या पिनवर ट्रॅक्टर जातो आणि दिवस मोडतो. ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढतो, आणि फोटोसोबत तिथले अक्षांश-रेखांशही जातात. ती नोंद पुढे पीक कर्ज, विमा, नुकसानभरपाई अशा कामांना लागते.

आधी अक्षांश की आधी रेखांश?

बोलताना आपण आधी अक्षांश म्हणतो. गूगल मॅप्सच्या अँड्रॉइड लायब्ररीतही आधी अक्षांश, मग रेखांश. पण जीओजेसन या फाइल प्रकारात उलटं, आधी रेखांश. २०१६ साली आलेल्या त्याच्या अधिकृत नियमावलीत हा क्रम स्पष्ट लिहिला आहे. गूगल अर्थच्या केएमएल फाइलमध्येही आधी रेखांशच, आणि मॅपबॉक्समध्येही तसंच. दोन्ही बाजूंना आपापलं कारण आहे: खलाशी आणि सर्व्हेवाले आधी अक्षांश म्हणत आले, तर गणितात आधी आडवा एक्स आणि मग उभा वाय. हे भांडण मिटणारं नाही, आपणच सांभाळून राहायचं.

भारतापुरतं ॲप असेल तर एक सोपी तपासणी पुरते. आपल्या देशाचा अक्षांश साधारण ६ ते ३८ मध्ये असतो आणि रेखांश ६८ ते ९८ मध्ये. म्हणजे अक्षांश रेखांशापेक्षा मोठा दिसला की आकडे उलटे झालेत हे नक्की. तपासताना शून्य-शून्यही पकडा. लोकेशन मिळालं नाही की काही ॲप दोन्ही जागी शून्य भरतात, आणि ती जागा आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, भर पाण्यात आहे.

अंश, मिनिटं, सेकंद

वालचंदनगरचा तोच पत्ता जुन्या पद्धतीने १८ अंश १ मिनिट १२ सेकंद उत्तर, ७४ अंश ४६ मिनिटं १२ सेकंद पूर्व असा लिहितात. एका अंशात ६० मिनिटं आणि एका मिनिटात ६० सेकंद. म्हणून मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागून अंशात मिळवायचं.

काही जण भागाकार न करता आकडे नुसते चिकटवतात: १८.०११२ आणि ७४.४६१२. दिसायला हेही बरोबर वाटतं, पण पिन साधारण ३३ किलोमीटर पश्चिमेला सरकून फलटणच्या जवळ, सातारा जिल्ह्यात जाते. ही चूक बर्फाळ समुद्रापेक्षा वाईट. समुद्रातली पिन कुणालाही खटकते, फलटणची पिन खपून जाते.

फोन मराठीत असला की

हा भाग इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये सहसा सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अँड्रॉइडवर जावा किंवा कोटलिनमध्ये आकड्याचा मजकूर बनवायला स्ट्रिंग डॉट फॉरमॅट वापरतात. भाषा सांगितली नाही तर ते फोनची भाषा धरतं. फोन मराठीत असेल, तर आकडेही देवनागरीत येतात. स्क्रीनवर ते छान दिसतं. पण तोच मजकूर तुम्ही सर्व्हरला पाठवला किंवा मॅपच्या लिंकमध्ये घातला, तर पुढचा प्रोग्राम अडखळतो. जावाचं डबल डॉट पार्सडबल देवनागरी अंक नाकारतं आणि एरर देतं. जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट म्हणतं, हा आकडाच नाही. गंमत म्हणजे पायथनचं फ्लोट ते निमूट स्वीकारतं. त्यामुळे सर्व्हर पायथनवर असेपर्यंत दोष झाकलेला राहतो आणि सर्व्हर बदलला की एकदम बाहेर येतो.

यात गोची अशी की डेव्हलपरचा फोन बहुधा इंग्रजीत असतो. त्याच्याकडे सगळं सुरळीत चालतं. बंद पडतं ते गावातल्या आजोबांच्या फोनवर, ज्यांनी मुद्दाम मराठी भाषा निवडली आहे. मग त्यांना सांगितलं जातं, "फोन इंग्लिशमध्ये करा." मला हा सल्ला अजिबात पटत नाही. उपाय कोडमध्ये एका शब्दाचा आहे: मशीनला जाणारा आकडा बनवताना लोकेल रूट किंवा लोकेल यूएस असं स्पष्ट लिहायचं. माणसाला दाखवायचा आकडा मात्र त्याच्या भाषेत राहू द्या. आणि टेस्टिंग करताना एकदा तरी फोन मराठीत टाकून बघा.

दशांश किती ठेवायचे?

वालचंदनगरच्या पट्ट्यात एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर आणि एक अंश रेखांश म्हणजे सुमारे १०६. चार दशांश स्थळांवर ही पायरी साधारण ११ मीटरची होते, म्हणजे एका गुंठ्याच्या बाजूपेक्षा (३३ फूट) किंचित जास्त. बांध दाखवायला ते अपुरं आहे. पाच ठेवले की मीटरवर येतो, सहा ठेवले की १०-११ सेंटिमीटरवर. त्यापुढचे आकडे शोभेचे.

साठवताना डबल वापरा. फ्लोटमध्ये ७४.७७ च्या आसपास दोन शेजारच्या आकड्यांमध्येच सुमारे ८० सेंटिमीटरचं अंतर पडतं.

पण दशांश जास्त म्हणजे अचूकता जास्त, असं नाही. अँड्रॉइड प्रत्येक लोकेशनसोबत अचूकतेचा आकडाही मीटरमध्ये देतं. तो २० असेल तर अर्थ असा की तुम्ही त्या २० मीटरच्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के, म्हणजे तीनातल्या एका वेळी त्याच्याही बाहेर. हा आकडा फेकून देऊ नका, पिनभोवती वर्तुळ काढून दाखवा.

क्षेत्रफळ: एकरात चार गुंठे जास्त

मोबाइलवरचे बहुतेक नकाशे वेब मर्केटर पद्धतीने काढलेले असतात. यात विषुववृत्तापासून लांब जाल तसं सगळं ताणलं जातं. १८ अंशांवर लांबी सुमारे ५ टक्क्यांनी वाढते आणि क्षेत्रफळ साडेदहा टक्क्यांनी. म्हणजे शेताचे कोपरे त्या नकाशाच्या मीटरमध्ये घेऊन थेट गुणाकार केला, तर ४० गुंठ्यांचा एकर ४४ गुंठ्यांचा दिसतो. भाऊबंदकी पेटायला तेवढं पुरतं. म्हणून क्षेत्रफळासाठी गोलाकार पृथ्वीचं गणित करणारं तयार फंक्शन वापरा. गूगलच्या मॅप्स युटिलिटी लायब्ररीत ते स्फेरिकलयुटिल या नावाने मिळतं. दोन पिनांमधल्या अंतरालाही तेच लागू.

तपासायला एक एकराचा चौरस घ्या, बाजू ६३.६ मीटर. वालचंदनगरच्या अक्षांशावर तो उत्तरेकडे साधारण ०.०००५७५ अंश आणि पूर्वेकडे ०.०००६०१ अंश जातो. चार कोपरे ॲपमध्ये भरा. उत्तर ४० गुंठ्यांच्या अगदी जवळ आलं पाहिजे. ४४ च्या आसपास आलं, तर कोड अजून सपाट नकाशावरच मोजतोय.