हायब्रिड कन्सोल की टीव्हीचा? आधी विचारा, लाईट किती तास होती

पेट पास झाली की पुढचा प्रश्न ठरलेला: विषय काय घेऊ? बरेच जण कुठे तरी आधीच चाललेला वाद उचलतात आणि त्याला ‘मराठवाड्याच्या विशेष संदर्भात’ अशी शेपटी जोडतात. शेपटी जोडल्याने प्रश्न आपला होत नाही. तो कसा होतो, हे आज एका हलक्याफुलक्या वादावर करून बघू. व्हिडिओ गेमचा हायब्रिड कन्सोल चांगला की पारंपरिक?

पारंपरिक कन्सोल म्हणजे टीव्हीला जोडायचा डबा. त्याला स्वतःचा पडदा नसतो. हायब्रिड म्हणजे टीव्हीलाही जोडता येतो आणि उचलून हातातही खेळता येतो. ३ मार्च २०१७ रोजी बाजारात आलेला निन्टेंडो स्विच हे त्याचं गाजलेलं उदाहरण. एक बाजू म्हणते, टीव्हीचा डबा जास्त ताकदवान, चित्र चांगलं, बॅटरीची कटकट नाही. दुसरी म्हणते, स्विच कुठेही नेता येतो. दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे, म्हणूनच वाद संपत नाही. संशोधनाला असा प्रश्न निरुपयोगी, कारण त्यात काळ नाही, जागा नाही आणि खेळणारा माणूसही नाही.

पहिलं काम, शब्द तपासायचा. ‘हायब्रिड’ ही कल्पना २०१७ ची वाटते, पण सेगा कंपनीने १९९५ मध्येच अमेरिकेत ‘नोमॅड’ नावाचं यंत्र विकायला काढलं होतं. टीव्हीच्या मेगा ड्राइव्हवर चालणाऱ्या कॅसेटी त्यात बसायच्या, हातात खेळता यायचं, वायर लावली की टीव्हीवरही दिसायचं. व्याख्येप्रमाणे शंभर टक्के हायब्रिड. ते चाललं मात्र नाही. सहा पेन्सिल सेल घालावे लागायचे आणि ते दोन-तीन तासांत संपायचे, हे त्याचं एक मोठं दुखणं होतं. आता उलटं उदाहरण बघा. २०१९ मध्ये निन्टेंडोने ‘स्विच लाइट’ काढला. नाव स्विच, गेम बहुतेक तेच, पण तो टीव्हीला जोडताच येत नाही. मग याला हायब्रिड म्हणायचं का? म्हणजे आपल्या वर्गवाऱ्या यंत्राच्या कागदावरच्या गुणांवर नीट बसत नाहीत. सेल किती टिकतो, वीज कुठून येते, पडदा कोणाचा, यावर यंत्र काय आहे ते ठरतं. माझ्या मते सगळा विषय इथे आहे, आणि इथूनच तो आपल्याकडे येतो.

नांदेड-लातूरकडे ‘कन्सोल’ हा शब्द फार उशिरा आला. आपला शब्द ‘टीव्ही गेम’. १९८३ मध्ये जपानमध्ये आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉमची ही नक्कल. मूळ यंत्रातल्या वेगवेगळ्या चिप एका काळ्या ठिपक्याखाली आणून बनवलेली, म्हणून स्वस्त. ‘लिटल मास्टर’, ‘मीडिया’ अशा नावांनी ती भारतभर विकली गेली. कार्ट्रिजला आपण कॅसेट म्हणायचो, कंट्रोलरला रिमोट. कॅसेटवर लाखांत गेम लिहिलेले आणि आत तेच पंधरा-वीस फिरून फिरून. मारिओ आणि कॉन्ट्रा मात्र हवेच. शेजारी दुसरी वस्तू होती, हातातला ब्रिक गेम. राखाडी पडदा, पडणाऱ्या विटा, दोन पेन्सिल सेल. म्हणजे टीव्हीचा की हातातला, ही निवड आपल्याकडेही होती. फक्त ती चित्राच्या दर्जावर ठरत नव्हती.

ती ठरत होती लाईटवर. २००५ नंतरची काही वर्षं आठवा किंवा घरात विचारा. महाराष्ट्रात विजेची टंचाई होती आणि महावितरणने लोडशेडिंगसाठी फीडरचे गट पाडले होते. ज्या भागात गळती जास्त आणि बिलवसुली कमी, तिथे अंधार जास्त वेळ. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांना याचा अर्थ सांगायला नको. त्याच काळात, २००६ मध्ये, पुण्यात कारखान्यांच्या स्वतःच्या जनित्रांच्या मदतीने शहर लोडशेडिंगमुक्त ठेवण्याचा प्रयोग झाला, तो ‘पुणे मॉडेल’ म्हणून ओळखला जातो. एकच राज्य, एकच वर्ष, एकच टीव्ही गेम. पुण्यातल्या मुलासाठी तो रोजचा खेळ, मुखेड किंवा अहमदपूर तालुक्यातल्या मुलासाठी वेळापत्रकाचा खेळ. लाईट यायची तेव्हा पाण्याची मोटर, पिठाची गिरणी आणि टीव्हीवरची मालिका, सगळे एकदम जागे व्हायचे. त्यात गेमचा नंबर कितवा, तुम्हीच सांगा. ‘कुठेही नेता येतो’ हा हायब्रिडचा जो गुण परदेशी समीक्षक विमानप्रवासाच्या उदाहरणाने सांगतात, त्याचा आपल्याकडचा अर्थ ‘लाईट नसतानाही चालतो’ असा होतो. अर्थात बॅटरी चार्ज करायलाही लाईटच लागते. पेन्सिल सेलवाला ब्रिक गेम या बाबतीत स्विचपेक्षा सरस होता, किराणा दुकानातून सेल आणला की झालं!

दुसरी गोष्ट पडद्याची. २०११ च्या जनगणनेत देशातल्या ४७.२ टक्के घरांत टीव्ही होता, म्हणजे निम्म्याहून अधिक घरांत नव्हता. जिथे होता तिथे बहुधा एकच, बैठकीच्या खोलीत, आणि त्याचा मालक मूल नव्हे. टीव्हीवर गेम लावायचा म्हणजे वडिलांच्या बातम्या, आजीची मालिका आणि भावाची क्रिकेट मॅच यांच्यामधून फट शोधायची. मुलींची फट आणखी बारीक. व्हिडिओ गेमच्या दुकानात जाऊन तासावर पैसे देऊन खेळणं हा पर्याय मुलांना होता, बहुतेक मुलींना नव्हता. म्हणून हायब्रिडचा खरा गुण मला ‘फिरता’ असण्यात दिसत नाही. तो स्वतःचा पडदा घेऊन येतो, कोणाची परवानगी न मागता चालतो, यात दिसतो. पण निन्टेंडोने स्विच स्वतः भारतात बाजारात आणलाच नाही. इथे मिळाला तो बाहेरून आणलेला, महागडा. ती जागा मोबाइलने घेतली. ‘लातूर पॅटर्न’साठी खोली करून राहणाऱ्या मुलामुलींकडे टीव्ही नसतो, मोबाइल असतो. २०१८ मध्ये आलेला आणि सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातलेला पबजी मोबाइल अशा खोल्यांमध्ये किती खोल गेला होता, हे मी लिहिण्यापेक्षा तुम्ही कोणालाही विचारा.

पण एवढ्यावरून टीव्हीचा डबा हरला, असं लिहून मोकळं होऊ नका. टीव्ही गेमला दोन रिमोट असायचे. दोघे खेळायचे आणि सहा जण मागे बसून सल्ले द्यायचे. आयुष्य संपलं की रिमोट पुढच्याच्या हातात. एका घरातल्या एका डब्यावर गल्ली खेळायची, त्यामुळे टीव्ही नसलेल्या घरातलं पोरही कॉन्ट्रा खेळलेलं सापडतं. स्वतःच्या पडद्याने जे स्वातंत्र्य दिलं, त्याची किंमत ही मागे बसलेली सहा माणसं. शिवाय डबा बिघडला तर टीव्ही दुरुस्त करणारा माणूस ॲडॉप्टर बदलून, वायर डागून चालू करून द्यायचा. कॅसेट अडली तर फुंकर होतीच.

तुलनेसाठी एक नेमकी वस्तू हवी असेल तर ‘देसी अड्डा’ घ्या. कबड्डी, विटीदांडू असे आपले खेळ घेऊन २००९ मध्ये हा भारतीय गेम आला, आणि तो टीव्हीच्या प्लेस्टेशन २ वर आणि हातातल्या पीएसपीवर, दोन्हीकडे निघाला. खेळ एकच, यंत्रं दोन. यापेक्षा सोयीची तुलना कुठे मिळणार? बैठकीतली कबड्डी आणि हातातली कबड्डी यांत कोणाला कोण दिसतं, एवढा एक प्रश्न घेतला तरी प्रकरण लिहून होईल.

आता साधनं. जनगणनेच्या २००१ आणि २०११ च्या तक्त्यांत रेडिओ, टीव्ही, टेलिफोन आहेत, २०११ मध्ये संगणकही आहे. व्हिडिओ गेम कुठेच नाही. नकली यंत्रांच्या विक्रीचा हिशोब शोधत बसलात तर वर्षं जातील. म्हणून मुलाखती. पण मुलाखतीत ‘कोणत्या साली घेतला?’ असं विचारू नका, कोणालाच साल आठवत नाही. आपल्याकडे तारखेच्या खुंट्या आहेत, त्यांना प्रश्न टांगा. लातूरकडे विचारा, किल्लारीच्या भूकंपाच्या आधी की नंतर? ३० सप्टेंबर १९९३ विसरलेला माणूस सापडणार नाही. नांदेडला विचारा, गुरु-ता-गद्दीच्या वेळी, म्हणजे २००८ ला, रस्ते रुंद होत होते तेव्हा घरात टीव्ही गेम होता का? लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या २०१६ च्या उन्हाळ्यात पोरं कशावर खेळत होती? उत्तर येतं, आणि बरोबर लाईटची वेळ, टीव्हीची जागा, शेजारचं घर, सगळं येतं. बहिणीला वेगळं बसवून विचारा. भावासमोर ती ‘आम्ही नाही खेळायचो’ म्हणते आणि नंतर कॉन्ट्राची तीस आयुष्यांची युक्ती बोटांनी करून दाखवते.

वस्तूही शोधा. गंजगोलाईच्या किंवा वजिराबादच्या आसपास टीव्ही दुरुस्तीची जुनी दुकानं असतील, तिथल्या माळ्यावर काय पडलंय ते बघायची परवानगी मागा. कॅसेट मिळाली तर स्टिकरचा फोटो दोन्ही बाजूंनी घ्या, आतल्या पाटीचाही घ्या. या कॅसेटी आज तीस वर्षांनीही हातात धरता येतात. निन्टेंडोच्याच ३डीएस आणि वी यू या यंत्रांचं ऑनलाइन दुकान मात्र २७ मार्च २०२३ ला बंद झालं, आणि फक्त तिथेच मिळणारे गेम आता विकत घेता येत नाहीत. २०५० मध्ये आजच्या मोबाइल गेमवर कोणी पीएचडी करायला बसलं, तर त्याच्या टेबलावर कोणती वस्तू असेल, याचा अंदाज मला अजून बांधता आलेला नाही. तुम्ही मात्र माळ्यावरच्या खोक्यापासून सुरुवात करा, आणि दुकानदाराचा चहा नाकारू नका.