मॉडर्न मॅजिक

हौशी जादूगारांसाठी लिहिलेला इंग्रजी सचित्र ग्रंथ. लंडनच्या जॉर्ज राउटलेज अँड सन्स या प्रकाशनसंस्थेने तो १८७६ मध्ये प्रसिद्ध केला. लेखक म्हणून छापलेले ‘प्रोफेसर हॉफमन’ हे नाव अँजेलो जॉन लुईस (१८३९–१९१९) या बॅरिस्टरचे टोपणनाव होते. राउटलेजच्याच ‘एव्हरी बॉइज मॅगझिन’ या मुलांच्या मासिकातून ही लेखमाला आधी येत होती. पाचशेहून अधिक पाने आणि ३१८ चित्रे असलेल्या या ग्रंथामुळे गुरू न लाभलेल्या माणसालाही हातचलाखी पायरीपायरीने शिकण्याची वाट मिळाली.

जादूची छापील पुस्तके तोवर जवळजवळ तीनशे वर्षे निघत होती. रेजिनल्ड स्कॉटच्या ‘द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’ (१५८४) या ग्रंथात खोट्या सुऱ्या आणि दाभण यांची चित्रे आढळतात. चेटूक म्हणून ज्याची भीती घातली जाते ते खोटे आहे हे पटवून देणे, हा स्कॉटचा हेतू. नंतरच्या बऱ्याच पुस्तकांत खेळामागचे गुपित दोनचार ओळींत उरकलेले असे. युक्ती कळे, पण ती स्वतःच्या हातून कशी वठवायची हे कळत नसे. फ्रेंच जादूगार रॉबेर-उदँ (१८०५–१८७१) याने १८६८ मध्ये या कलेची शिस्तशीर मांडणी करणारा ग्रंथ लिहिला. हॉफमनने तो १८७८ मध्ये इंग्रजीत आणला.

हॉफमन खेळांपासून आरंभ करत नाही. आधी जादूगाराचा पोशाख, टेबल आणि छडी. कोटाच्या मागच्या बाजूला कोणते चोरखिसे असावेत, टेबलामागे प्रेक्षकांना न दिसणारी फळी कुठे बसवावी, हे तो सविस्तर सांगतो. छडीबद्दलचे त्याचे विवेचन विशेष मोलाचे आहे. मुठीत काही दडवले असेल तर मूठ मिटलेली का, असा संशय येतो. त्याच मुठीत छडी धरली की मिटलेल्या मुठीला सहज कारण मिळते. शिवाय छडी उचलायला किंवा ठेवायला टेबलाकडे वळता येते, आणि तेवढ्या क्षणात हातातली वस्तू बदलता येते. पुढे काय करणार हे प्रेक्षकांना आधी सांगू नये आणि एकच खेळ एका बैठकीत पुन्हा करू नये, हे दोन नियमही त्याने सुरुवातीलाच घालून दिले आहेत. दोन्हींचे कारण एकच: कुठे पाहायचे हे प्रेक्षकाला आधी ठाऊक झाले, तर त्याची नजर वळवता येत नाही.

त्यानंतर पत्ते, नाणी, घड्याळे, अंगठ्या, रुमाल, फासे, पेले आणि गोळ्या, हॅट अशी प्रकरणे येतात आणि शेवटी रंगमंचावरचे मोठे खेळ. पेले-गोळ्यांचा खेळ भारतातील मदारीही पिढ्यान्पिढ्या करत आले आहेत. त्यांचे पेले मात्र वर मूठ असलेले, बोटांच्या चिमटीत धरायचे असतात, त्यामुळे हाताच्या हालचालीही वेगळ्या होतात. पत्त्यांच्या भागात जोड कापून वरखाली झालेले दोन भाग कोणाच्या लक्षात न येता मूळ जागी आणण्याची क्रिया आधी शिकवली आहे, कारण पुढचे अनेक खेळ तिच्यावर उभे आहेत. दोन भागांच्या मध्ये डाव्या हाताची करंगळी सरकवायची आणि एका झटक्यात ते अदलाबदल करायचे, एवढेच तिचे वर्णन. पण ती हातात बसायला महिने लागतात.

चित्रांचे महत्त्व नाण्यांच्या प्रकरणात सर्वांत ठळक दिसते. नाणे डाव्या हाताच्या बोटांत धरायचे, उजव्या हाताचा अंगठा त्याच्याखालून नेत ते पकडल्याचा आभास करायचा आणि त्याच क्षणी ते डाव्या तळव्यात पडू द्यायचे. शब्दांत हे वाचताना गोंधळ उडतो. चित्रात बोटांची जागा एका दृष्टिक्षेपात कळते. तरीही चित्रात एकच क्षण दिसतो. दोन चित्रांमधली गती, हाताचा सैलपणा आणि रिकाम्या उजव्या मुठीकडे स्वतःच पाहणारी जादूगाराची नजर कागदावर उतरत नाही. म्हणून शिकणाऱ्याला मजकूर, चित्र आणि आरसा ही तिन्ही एकत्र वापरावी लागतात. आरशाशिवाय केलेला सराव फसवा असतो. वरून आपल्याला जे झाकलेले दिसते ते समोरच्याला उघडे दिसत असते.

व्यावसायिकांची गुपिते अशी छापून उघडी करावीत का, हा वाद या ग्रंथामुळे तीव्र झाला. विरोधकांच्या मनातली पोटापाण्याची चिंता खरी होती. मात्र शेकडो पाने वाचून, महिनोन्‌महिने सराव करणारा वाचक रहस्य चव्हाट्यावर मांडायला निघालेला नसतो. त्याला ते जपायचे असते. अशा हौशी वाचकांतूनच पुढे काही नामवंत जादूगार घडले. ग्रंथाची मर्यादा वेगळीच आहे. त्यातील बरीच उपकरणे विकत घ्यावी लागतात आणि चोरखिशांची सारी योजना शेपटीच्या कोटावर बेतलेली आहे. साध्या शर्टात खेळ करणाऱ्या आजच्या वाचकाला ती प्रकरणे इतिहास म्हणूनच वाचावी लागतात. पत्ते आणि नाणी यांचा भाग मात्र अजून जसाच्या तसा वापरता येतो.

हॉफमनने पुढे ‘मोअर मॅजिक’ (१८९०) आणि ‘लेटेस्ट मॅजिक’ (१९१८) ही पुस्तके लिहिली. सचित्र शिक्षणाचा हाच धागा अमेरिकेत हार्लन टारबेलने विसाव्या शतकात टपालाने पाठवल्या जाणाऱ्या धड्यांतून पुढे नेला. टारबेल स्वतः चित्रकार असल्याने त्याच्या धड्यांमधील हातांची चित्रे त्यानेच काढलेली आहेत.