टेबलावरचे चार नकाशे

उर्दूच्या तासाला जो 'नक़्शा' असतो, तोच मराठीच्या तासाला 'नकाशा' होतो. मूळ अरबी शब्द 'नक़्श', म्हणजे कोरलेली खूण. आमच्या भागात जमिनीची भाषा निम्मीअधिक फारसी वळणाचीच आहे: खसरा, मिसल, बंदोबस्त, जरीब. १९५६ पर्यंत भंडारा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता, त्यामुळे तलाठ्याला पटवारी म्हणणारी माणसे लाखांदुरात आजही भेटतात. आज लिहायचे आहे ते मात्र नकाशा ज्या टेबलावर पसरतात त्या टेबलाविषयी.

गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी पवनी आणि लाखांदूर तालुक्यांसाठी. आता कालव्याची एक रेघ आखायची तर काय काय लागते ते पाहा. गावाचा नकाशा, शेजारच्या गावाचा नकाशा, जमिनीची चढउतार दाखवणारा लांब छेद आणि कालव्याचा आडवा छेद. शीव दोन्ही गावांची एकच, पण कागद दोन. ते शेजारी ठेवल्याशिवाय कोणाचा बांध कुठे तुटतो हे कळत नाही. त्या काळी अशी कामे बहुतेक हातानेच होत. आरेखक मोठ्या टेबलावर चार कागद पसरायचा, कोपऱ्यांवर वजने ठेवायचा, वर ट्रेसिंग पेपर टाकून खालची रेघ वर उतरवायचा. चार नकाशे एकदम उघडे असणे ही त्याच्यासाठी काही सोय नव्हती, टेबल असतेच त्यासाठी.

संगणक आला आणि हे टेबलच गेले.

खरे तर सुरुवात फार सुंदर होती. १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' बनवले. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेघ ओढायची. एक मूळ आकृती बदलली की तिच्या सगळ्या प्रती आपोआप बदलायच्या. पण ते यंत्र खोलीभर होते. सामान्य आरेखकाच्या टेबलावर हे काम आणले १९८२ च्या ऑटोकॅडने. सुरुवातीच्या आवृत्त्या उघडल्या की आकड्यांची यादी यायची: १ म्हणजे नवे रेखाचित्र, २ म्हणजे जुने, ० म्हणजे बाहेर. एका वेळी एकच. दुसऱ्या नकाशातली विहीर पहिल्यात आणायची तर ती वेगळी फाइल म्हणून जतन करा, नकाशा बंद करा, दुसरा उघडा, मग ती त्यात घाला. शेजारी ठेवून बघणे हा प्रकारच नाही. १९९० च्या अकराव्या आवृत्तीत 'एक्सरेफ' आला: दुसरे रेखाचित्र आपल्या रेखाचित्राला नुसते जोडायचे, ते दिसते, पण राहते आपल्या जागी. तरी १९९७ ची चौदावी आवृत्ती वापरणारा माणूस दोन नकाशांसाठी अख्खा प्रोग्राम दोनदा चालू करायचा आणि संगणक धापा टाकायचा.

१९९९ मध्ये 'ऑटोकॅड २०००' आले आणि एकाच चौकटीत हवी तेवढी रेखाचित्रे उघडता येऊ लागली. कंट्रोल आणि टॅब दाबा, पुढचा नकाशा. दोन खिडक्या शेजारी लावा, इकडची विहीर ओढून तिकडे सोडा. मूळ अक्षांवरच चिकटवण्याची आज्ञाही आली, म्हणजे शिवेवरचा दगड दुसऱ्या नकाशातही नेमक्या त्याच जागी बसतो. पुढे २०१४ च्या आवृत्तीत प्रत्येक नकाशाचे नाव वर पट्टीत दिसू लागले. टेबल परत यायला सतरा वर्षे लागली, आणि त्या काळात या यंत्राचे कौतुक करताना कोणाला टेबल हरवल्याचे फारसे आठवलेही नसावे.

परत आले ते मात्र जरा वेगळे. कागदाच्या टेबलावर जुना नकाशा पिवळा पडलेला, कडा फाटलेला. हात चुकून त्याच्यावर जात नसे. पडद्यावर जुना आणि नवा दोन्ही सारखेच काळे, सारखेच ताजे. माझा एक माजी विद्यार्थी आयटीआयमधून आरेखक होऊन नागपुरात एका खासगी कार्यालयात लागला. त्याच्यासमोर एका वेळी सात रेखाचित्रे उघडी असत, नावे 'फायनल', 'फायनल-२', 'फायनल-नवीन'. एकदा बांधाची दुरुस्ती झाली जुन्या नकाशात आणि छापून गेला नवा, बिनदुरुस्तीचा. शेतकऱ्याचा बांध कागदावर होता तिथेच राहिला. त्या महिन्याचा अर्धा पगार कापला गेला. फाइलींची नावे कशी ठेवायची याचा नियम त्या कार्यालयात नव्हता, पण पगार कापण्याचा होता.

'सर, खिडक्या कमी उघडायच्या का?' असे त्याने मला विचारले. मी भाषेचा शिक्षक, मी काय सांगणार! उत्तर त्याने स्वतःच शोधले. आता जुना नकाशा तो वेगळा उघडतच नाही, नव्याला एक्सरेफ म्हणून जोडतो आणि फिकट करून ठेवतो. नव्या रेघांखाली तो पुसट दिसत राहतो, ट्रेसिंग पेपरखालच्या कागदासारखा. तपासण्यासाठी वेगळा उघडावाच लागला, तर 'फक्त वाचण्यासाठी' उघडतो. नावात 'फायनल' हा शब्द नाही; गाव, गट क्रमांक आणि तारीख, एवढेच.